रुमालाखालचा आकडा

शाहूपुरीतल्या, कोल्हापुरातल्या आणि बारा तालुक्यांतल्या स्टॉलधारक बंधू-भगिनींनो!

पहाटेच्या एसटीत पापड-लोणच्यांची पोती मांडीवर घेऊन बसणाऱ्या बचत गटाच्या भगिनींनो, कातड्याच्या वासात आयुष्य वेचणाऱ्या चर्मकार बांधवांनो, चाकावर माती चढवणाऱ्या कुंभारांनो, गुऱ्हाळाच्या धगीत रात्री जागवणाऱ्या गुळव्यांनो, आजचे हे आवाहन तुम्हांला आहे. आयोजकांना नाही, अधिकाऱ्यांना नाही, फीत कापायला येणाऱ्या पाहुण्यांना तर नाहीच नाही.

पाच दिवसांचे प्रदर्शन संपते. मांडव सुटू लागतो, गालिचे गुंडाळले जातात आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात मथळा झळकतो: विक्रमी गर्दी, लाखोंची उलाढाल! तो मथळा तुम्ही कुठे वाचता? उरलेल्या बरण्या टेम्पोत फुटू नयेत म्हणून त्यांच्याभोवती जो कागद गुंडाळता, त्या कागदावर. लाखोंची उलाढाल, ती कुणाची? विक्रमी गर्दी म्हणजे किती, कोणत्या दिवशी, कोणत्या तासाला, कोणत्या गल्लीत? जिच्या हातच्या चटणीसाठी ती गर्दी लोटली, तिला हे कुणी सांगितले? तिने विचारले तर कुणी सांगेल?

नाही सांगणार. आणि हा अन्याय आहे. त्याला गैरसोय म्हणू नका, नशीब तर मुळीच म्हणू नका. प्रवेशद्वारावर माणसे मोजली जातात. भाग्यवान सोडतीच्या पेटीत चिठ्ठ्यांचा ढीग पडतो आणि प्रत्येक चिठ्ठीवर नाव, गाव, मोबाइल नंबर असतो. वाहनतळाच्या पावत्यांची थप्पी वेगळीच. ही सारी नोंद मांडवामागच्या कार्यालयात जमा होते. तिच्या बळावर पुढच्या वर्षीचा प्रायोजक मिळतो आणि तिच्याच बळावर पुढच्या वर्षी स्टॉलचे भाडे वाढते. म्हणजे तुमच्या कष्टाने जी गर्दी जमली, तीच चढ्या भावाने तुम्हांला विकली जाते! सरकारी प्रदर्शनांत रोजची विक्री लिहून घेतात, हे खरे. पण लिहून घेतात आणि घेऊन जातात. आणि आपण? जनरेटरच्या मागची गल्ली वाट्याला आली तरी मान खाली घालून पावती घेतो आणि म्हणतो, ‘चालतंय की.’

काय चालतंय?

माझ्या वडिलांच्या पिढीने बाजारातला रुमाल पाहिला होता. अडत्या आणि खरेदीदार समोरासमोर उभे राहायचे, हातांवर रुमाल पडायचा आणि त्याखाली बोटांनी भाव ठरायचा. त्याला हत्ता म्हणत. ज्याने उन्हातान्हात माल पिकवला तो शेतकरी दोन हातांवर उभा. त्याला रुमाल हललेला दिसे, भाव दिसत नसे. १९३९ साली मुंबई इलाख्यात शेतमाल बाजारांचा कायदा आला, १९६३ साली महाराष्ट्राचा आला, उघड लिलावाचा नियम झाला. तरी कित्येक बाजारांतून तो रुमाल लवकर हटला नाही. रुमालाखाली ज्यांचे साधत होते, ते तो सुखासुखी का काढतील? आज प्रदर्शनाच्या मांडवात तोच रुमाल आहे. फक्त त्याखाली बोटे नाहीत, आकडे आहेत.

ज्या पेठेत बसून मी हे लिहितो आहे ती शाहूपुरी १८९५ साली शाहू छत्रपतींनी वसवली. रेल्वे येऊन चार वर्षे झाली होती, व्यापाराला जागा हवी होती, महाराजांनी ती दिली. गुळाच्या व्यापाराने या पेठेचे नाव दूरवर नेले. पण महाराजांनी आपल्याला पेठेपेक्षा मोठे असे एक शस्त्र दिले, ते मात्र आपण जयंतीच्या मिरवणुकीत विसरतो. १८९४ साली त्यांनी राज्यकारभार हाती घेतला, तेव्हा सर्वसाधारण प्रशासनातल्या ७१ जागांपैकी ६० जागांवर ब्राह्मण अधिकारी होते. हे मोजले गेले म्हणून त्या अन्यायाला आकार आला. तोवर ती नुसती कुजबूज होती. २६ जुलै १९०२ रोजी मागासवर्गीयांसाठी निम्म्या जागा राखून ठेवण्याचा हुकूम निघाला. पन्नास टक्के हा शब्द सर्वांच्या ओठांवर आहे. पण त्याच हुकमात आणखी एक गोष्ट बजावलेली आहे: झालेल्या नेमणुकांचे पत्रक खातेप्रमुखांनी दर तिमाहीला सादर करावे. अधिकाऱ्यांच्या सद्भावनेवर विसंबणारा तो राजा नव्हता. त्याने पत्रक मागितले! १९१२ पर्यंत जागा ९५ झाल्या आणि त्यांतल्या ब्राह्मण अधिकाऱ्यांच्या ३५ उरल्या. जोतीराव फुल्यांनी तरी १८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढे वेगळे काय मांडले होते? सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणाचा लाभ वरच्यांना मिळतो, हा हिशेबच ना? मग तोच प्रश्न आज मांडवात उभे राहून आपण का विचारू नये: गर्दी कुणामुळे आणि नोंद कुणाकडे?

कोल्हापूरकराला आकड्यातले कळत नाही, असे कुणी म्हणत असेल तर त्याने इथे एक पावसाळा काढावा. जुलै-ऑगस्टात या गावचा माणूस सकाळी चहाआधी काय विचारतो? ‘किती फूट?’ एवढेच. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा, ४३ वर गेली की धोका. शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत गणपती कधी माडीवर चढवायचे, हे त्या आकड्यावर ठरते. दूध घालायला गेलेली बाई फॅट किती लागली हे पाहिल्याशिवाय संस्थेची पायरी उतरत नाही. साखरेच्या उताऱ्यात दशांशचिन्हाच्या पुढचा एक आकडा हलला तर टनामागे किती रुपये हलतात, हे शिरोळचा ऊसकरी बोटांवर सांगतो. काट्यावर आणि उताऱ्यावर त्याने प्रश्न विचारले, तेव्हाच तो संघटित झाला. जयसिंगपूरच्या ऊस परिषदेत घोषणा दिल्या जातात त्या आकड्यांच्याच. पाणी मोजणारे आपण, दूध मोजणारे आपण, ऊस मोजणारे आपण, मांडवात शिरलो की मुके का होतो?

त्याच कुंभार गल्लीत जाऊन एखाद्या मूर्तिकाराची बुकिंगची वही पाहा. कोपरे मळलेले, पानांवर शाडूचे आणि रंगाचे डाग. मंडळाचे नाव, मूर्तीची उंची, बैठक कशी, विसार किती दिला. मागच्या तीन वर्षांच्या वह्या खुंटीला टांगलेल्या असतात. यंदा घरगुती एक फुटी किती करायच्या आणि मंडळांच्या मोठ्या किती, हे तो त्या वह्या चाळून ठरवतो. स्वप्नात देव येऊन सांगत नाही. याला शिकलेले लोक डेटा म्हणतात. मराठीचे काही अभ्यासक विदा म्हणतात, पण तो शब्द बाजारात कुणाच्या तोंडी बसलेला मी ऐकला नाही. तुम्ही नोंद म्हणा. मूर्तिकार दुकानात बसून जे करतो तेच आपण प्रदर्शनात करायचे आहे.

गेल्या हिवाळ्यात एका प्रदर्शनात, कुणाच्या ते सांगत नाही, मी दोन संध्याकाळी एका चप्पल कारागिराच्या स्टॉलवर बसून होतो. शेवटची गल्ली, जनरेटरची घरघर, डिझेलचा धूर आणि त्या धुरात मांडलेले कोल्हापुरी जोड. ‘कधी गर्दी असते?’ मी विचारले. ‘आमाला काय कळतंय त्यातलं, भाऊ? आलं गिऱ्हाईक तर आलं,’ तो म्हणाला. त्याची शाळकरी मुलगी शेजारी अभ्यास करत होती. तिच्या वहीचे मागचे पान मागून घेतले आणि तीन रकाने आखले: थांबले, हाताळले, घेतले. उभ्या चार रेघा, पाचवी तिरपी. तासाभरात पोरीला त्याची गोडी लागली आणि तिने आपल्या मनाने चौथा रकाना आखला. त्यावर लिहिले, ‘मागितले पण नव्हते.’

बंधूंनो, मी मोठमोठ्या सभा पाहिल्या, अहवाल वाचले, पण त्या पोरीच्या चौथ्या रकान्याइतके शहाणपण क्वचित पाहिले. रात्री आवरताना त्यात नऊ रेघा होत्या आणि नऊच्या नऊ एकाच मागणीच्या: लहान मुलांचे जोड. बापाने ते करणे दोन वर्षांपूर्वी सोडले होते. कातडे कमी लागते पण वेणी घालायला हात तेवढाच लागतो, म्हणून. दुसऱ्या संध्याकाळी पान आणखी बोलले. सहा ते साडेसात गल्ली ओस. आठच्या पुढे पलीकडच्या मंचावरचा कार्यक्रम सुटला की माणसांचा लोंढा जेवणाच्या स्टॉलकडे जाताना याच गल्लीतून जायचा. आणि हा गृहस्थ शेवटची एसटी चुकू नये म्हणून रोज साडेसातलाच पेट्या बांधायला घेत होता! चार दिवस तो गिऱ्हाईक यायच्या आत दुकान आवरत होता आणि घरी जाऊन नशिबाला बोल लावत होता. कार्यक्रम कधी सुटतो हे कार्यालयातल्या प्रत्येकाला ठाऊक होते. त्याला सांगावे, असे एकालाही वाटले नाही.

आता दुसरा हिशेब, जो आपण स्वतःपासूनही लपवतो. समजा, दोन भगिनींनी पाच दिवसांत ३१,००० रुपयांचा माल विकला. गल्ला मोठा दिसतो, पेढे वाटावेसे वाटतात. त्यातले १९,००० कच्च्या मालाचे गेले, उरले १२,०००. स्टॉलचे भाडे ६,०००. टेम्पो १,८००. राहणे-खाणे १,७००. हाती राहिले २,५००. दोघींचे पाच-पाच दिवस म्हणजे दहा रोज; एका रोजाला अडीचशे रुपये. आणि त्याआधी पंधरा दिवस रात्री जागून जे लाटले, वाळवले, पाकिटात भरले, त्याची मजुरी यात धरलेलीच नाही. शेतात भांगलायला गेलेल्या बाईला तुम्ही अडीचशे घ्या म्हणून सांगाल का? ती विळा टाकून निघून जाईल. मग विक्रमी गर्दीच्या त्या मांडवात आपला घाम इतका स्वस्त का? हे गणित मांडल्याशिवाय कोणत्या प्रदर्शनाला जायचे आणि कोणत्याला पाठ फिरवायची हे कधीच कळणार नाही. पाठ फिरवणे हाही स्वाभिमानच आहे.

‘एवढे लिहीत बसायला वेळ कुठला?’ असे म्हणाल, तर निम्मे लिखाण तुमच्या खिशात आधीच झालेले आहे. स्टॉलवर तो छोटा डबा ठेवता ना, पैसे आले की मोठ्याने सांगणारा? प्रत्येक वेळी तो बोलतो तेव्हा रक्कम आणि वेळ कुठेतरी उमटते. रात्री मोबाइलवर ती यादी उघडा. अकरा ते चार या वेळात तीन नोंदी आणि सात ते नऊ या वेळात वीस, असे दिसले तर दुपारी दोघींनी बसून राहण्यात काय हशील? एकीने घरी जाऊन उद्याचा माल भरावा. घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या पोराला बसवा. दिवसभर त्या फोनवर बोटे फिरवतो, एक तास आईच्या धंद्यासाठी फिरवू दे. रोखीचे व्यवहार मात्र वहीत हाताने लिहावे लागतील. त्याला इलाज नाही.

पण एकट्याची वही एकट्यापुरती. खरे सामर्थ्य वेगळ्याच ठिकाणी आहे.

शंभर स्टॉलच्या शंभर वह्या एका संध्याकाळी एका सतरंजीवर उघडल्या, तर काय दिसेल, कल्पना करा! कोणती गल्ली भरते आणि कोणती मरते, हे दिसेल. शनिवार कुणाचा आणि मंगळवार कुणाचा, हे दिसेल. चार स्टॉल शेजारी-शेजारी एकच शेंगदाण्याची चटणी घेऊन बसले आणि नाचणीच्या पदार्थांना विचारणारे लोक रिकाम्या हाताने परतले, हे दिसेल. आजऱ्याचा घनसाळ तांदूळ मागणारे कोणत्या शहरातून येतात, हे दिसेल. मग आयोजकाच्या दारात एक बापुडवाणी बाई अर्ज घेऊन उभी राहणार नाही. शंभर जणांचा हिशेब उभा राहील. शेवटच्या गल्लीचे भाडे पहिल्या गल्लीइतके का, असा सवाल तो करेल. जेवणाचे स्टॉल दुसऱ्या टोकाला न्या म्हणजे लोक सगळ्या गल्ल्यांतून फिरतील, असा तोडगाही तोच सुचवेल. यात आयोजकाचेही भलेच आहे. ज्याचा स्टॉल चालतो तो पुढच्या वर्षी परत येतो, चांगला माल आणतो, त्या मालासाठी लोक येतात आणि प्रदर्शन वाढते. हे समजायला परदेशी सल्लागार आणायची गरज नाही.

गल्लीगल्लीतली माणसे मोजणे जमत नाही, ही सबबही आता ऐकून घेऊ नका. २०१५ च्या नाशिकच्या कुंभमेळ्यात नीलय कुलकर्णी या किशोरवयीन मुलाने आपल्या सोबत्यांसह पावले मोजणारी चटई बनवून अंथरली होती. कुंभमेळ्याची पावले एक पोरगा मोजू शकतो आणि पन्नास गल्ल्यांच्या मांडवाला ते अशक्य? मोजायचे नसते, तेव्हाच ते अशक्य होते.

आणि हे मोजणे नवेही नाही. १८५१ साली लंडनच्या हाइड पार्कात जे महाप्रदर्शन भरले, त्याला साठ लाखांवर लोक आले. हा आकडा आज आपल्याला सांगता येतो, कारण तो तेव्हा मोजला गेला. आधी महागडे तिकीट, मग कष्टकऱ्यांसाठी शिलिंगचे दिवस, आठवड्यातल्या वारांनुसार वेगळे दर; कोण कधी येते हे ताडून केलेली ती आखणी होती. खर्च वजा जाता १,८६,००० पौंड उरले आणि त्यातून दक्षिण केन्सिंग्टनची संग्रहालये उभी राहिली. त्याच प्रदर्शनात आपल्याकडून नेलेला कोहिनूर ठेवला होता. हिरा आपला, गर्दी त्यांची, हिशेबही त्यांचाच.

फार जुने वाटत असेल, तर अलीकडचे घ्या. जून २०२५ मध्ये मिलानच्या मंचावर प्राडा या इटालियन कंपनीने कोल्हापुरीच्या वळणाची चप्पल दाखवली आणि कोल्हापूरचे नाव घेतले नाही. महाराष्ट्रभर संताप उसळला आणि कंपनीला मूळ मान्य करावे लागले. त्या संतापाच्या हाती काय होते? २०१९ साली मिळालेले भौगोलिक मानांकन. महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार अशा आठ जिल्ह्यांच्या नावाने झालेली नोंद! शतकानुशतकांची कला तर होतीच, पण कंपनीपुढे धरायला कागद होता. नोंदीचा जो नियम मिलानला लागू, तो मांडवाला नाही का?

आता थोडे कडू बोलतो. आयोजक लपवतो म्हणून आपण ओरडतो, पण शेजारच्या स्टॉलवालीने ‘किती झालं गं?’ विचारले तर आपण काय सांगतो? चांगले झाले असेल तर ‘काय नाही, असंच’ आणि वाईट झाले असेल तर ‘मस्त झालं.’ दोन्ही खोटे. गटाच्या बैठकीत कौतुक व्हावे म्हणून फुगवलेला आकडा, नजर लागू नये म्हणून दडवलेला आकडा, या दोन्हींनी वही नासते. एकमेकींपासून लपवलेल्या नोंदींतून शंभर वह्यांचा हिशेब कसा उभा राहणार? आपल्याही हातांवर एक लहानसा रुमाल आहे. आधी तो काढू.

आणि गिऱ्हाइकाचा मान राखा. त्याचा नंबर घ्यायचा तर विचारून घ्या, कशासाठी घेता ते सांगा: ‘दिवाळीचा फराळ तयार झाला की कळवू का, ताई?’ ती हो म्हणाली तरच लिहा, नको म्हणाली तर हसून निरोप द्या. सोडतीच्या पेटीत नंबर टाकला आणि महिनाभर प्लॉट घ्या, कर्ज घ्या म्हणून फोन आले, हा अनुभव तुम्हांलाही आहे. २०२३ पासून या देशात वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा आहे. पण कायद्याच्याही आधी आपला शब्द आहे. तुमच्या लोणच्यावर विश्वास ठेवून नंबर देणाऱ्या बाईचा तो नंबर तिसऱ्याच्या हाती जाता कामा नये.

दसरा झाला की प्रदर्शनांचे दिवस सुरू होतील. मैदाने भरतील, भाड्याची पत्रके फिरू लागतील, ‘लवकर बुक करा, मोजकेच स्टॉल शिल्लक’ असे निरोप फोनवर येतील. घाई करू नका. वाणसामानाच्या दुकानातून दोनशे पानांची वही आणा, तिच्यावर हळदकुंकू वाहा हवे तर. पहिल्या पानावर चार रकाने आखा आणि चौथा रकाना रुंद ठेवा. मग दहा-वीस जणी मिळून त्या कार्यालयात जा. खुर्ची नसेल तर उभ्या राहा. टेबलामागचा माणूस पावतीपुस्तक पुढे ओढेल, नाव विचारेल, ॲडव्हान्स किती देता म्हणेल. त्याला शांतपणे विचारा, ‘दादा, मागच्या वर्षी आमच्या गल्लीत किती माणसं आली?’ तो इकडेतिकडे पाहील, वरच्यांना विचारावे लागेल म्हणेल.

‘विचारा की. आम्ही थांबतो,’ म्हणा. आणि तोवर पावती फाडू देऊ नका.